निव्वळ

शिरोलीच्या काट्यावर रात्रपाळीला मी बसतो.
बाई असून बसतो म्हणतो,
आमच्यात पोरीबाळी असंच बोलतात.
बाहेरचे ड्रायव्हर हसतात, तेवढंच.

काम सोपं. गाडी प्लेटवर आली
की ड्रायव्हर-क्लीनर उतरलेत का बघायचं,
आकडा ठरेपर्यंत थांबायचं, बटण दाबायचं.
एकूण, रिकामी, निव्वळ. तीन ओळींची पावती,
दीडशे रुपये.

पंचगंगा हायवेवर आली त्या साली
इथनं किणीपर्यंत पाच दिवस गाड्याच गाड्या.
त्यात हमीरभाईची चौदा चाकी.
गांधीधाम ते कोची, फुल लोड,
मीठ.

मी म्हटलं, कोचीला समुद्र नाही व्हय?
आहे की, म्हणाला,
पण तिथलं आभाळ मीठ वाळू देत नाही.
म्हणजे एका समुद्राचं मीठ
दुसऱ्या समुद्राच्या दारात न्यायचं
दोन हजार किलोमीटर,
आणि मधे अडवायला आमची नदी, ती गोडी.

समुद्र मी एकदाच बघितलाय,
पाचवीच्या सहलीत, गणपतीपुळ्याला.
चप्पल वाहून गेली एवढंच ध्यानात आहे.

फुल लोड म्हणजे काय, तेही त्यानंच सांगितलं:
एकाच शेठचा माल, एकाच ताडपत्रीखाली.
दुसऱ्याची एक पेटी चढत नाही.
बायकोसाठी घेतलेला गुळाचा रवा
सीटच्या मागं, चादरीत गुंडाळून.

गावातल्या बायका टोपल्या घेऊन रांगेनं फिरल्या,
चपात्या, पिठलं, कांदा.
हमीरभाई स्टोव्हवर चहा करायचा, पहिला कप मला.
ताडपत्रीच्या कोपऱ्यातनं थेंब गळत होते,
एक बोटावर घेऊन चाखला.
बेन, तो म्हणाला,
ते पाणी नाही, माझं भाडं आहे.

सहाव्या दिवशी रस्ता सुटला.
शेठचा फोन: आधी वजन कर, पावतीचा फोटो पाठव.
गांधीधामची पावती एक्केचाळीस हजार आठशे साठ.
टाकी तिथल्यासारखीच फुल,
आणि माझा आकडा ठरला
एक्केचाळीस चारशे ऐंशीवर.
हमीरभाई काचेतनं बघत होता.
बोलला काही नाही, नुसता मिशीवर हात.

दहा वर्षांत मी कुणाला दहा किलो दिलेले नाहीत.
भंगारवाल्याला नाही, पेंडवाल्याला नाही,
सख्ख्या दिराला वाळूच्या गाडीवर नाही
(तो अजून बोलत नाही).

म्हटलं, बसा दोघं केबिनमध्ये.
वेलजी, स्टोव्ह घे, पाण्याचा कॅन घे,
ते आट्याचं पोतंही.
एकशे साठ चढले.
रावबा वॉचमन खुर्चीत घोरत होता,
त्याला उठवून पाठवला,
का, का, विचारतच चढला.
सत्तर.

मी पण चढलो असतो,
पण बटण दाबणार कोण?

पावती निघाली, दीडशे कमीच.
कार्बन कॉपी बुकात आहे अजून.
त्या रात्री निव्वळ या शब्दासमोर
मीठ आहे, आणि तीन माणसं,
त्यातला एक झोपेत.

आठवड्यानं फोन आला.
बेन, कोचीत परत काटा केला.
किती कापले?
सगळे, म्हणाला. तीनशे ऐंशी आणि वरचे थोडे.
मग जरा वेळ कुणीच बोललं नाही.
मागं भोंगा वाजत होता, जहाजाचा असावा.
इथं पाऊस आहे, तो म्हणाला.
इथं उघडलंय, मी म्हटलं.

प्लेटच्या सांध्यात गळलेलं वाळून
पांढरी रेघ राहिली होती.
रावबा झाडायला आला, मी नको म्हटलं.
वजनात ती येत नाही.
दहा किलोच्या आतलं
आमचा काटा धरत नाही.